उकिरडा कोणाचा?

मार्च 1973 मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या भिंतीच्या किंचित दक्षिणेला असलेल्या विंडोलँडा या रोमन किल्ल्याच्या उत्खननात रॉबिन बर्ली यांच्या हाती रंध्यातून निघालेल्या पापुद्र्यांसारखं काहीतरी लागलं. जाडी जेमतेम एक ते तीन मिलिमीटर, आकार पोस्टकार्डाएवढा. एकमेकांना चिकटलेले पापुद्रे सोडवले तर आत शाईची अक्षरं दिसली आणि हवा लागताच पुसट होत गेली. पुढे इन्फ्रारेड छायाचित्रांत ती पुन्हा उमटली, तेव्हा कळलं की ही लॅटिनमधली पत्रं आहेत. एका पत्रात कोणीतरी किल्ल्यातल्या आपल्या माणसाला कळवतो आहे की मोजे पाठवले आहेत, शिवाय सँडलचे दोन जोड आणि आत घालायच्या चड्ड्यांचे दोन जोड. आजवर तिथे अशा सतराशेच्या वर पातळ लाकडी फळ्या सापडल्या आहेत, बहुतेक इसवी सन 85 ते 130 या काळातल्या. एका अधिकाऱ्याची बायको क्लॉडिया सेव्हेरा 11 सप्टेंबरला आपल्या वाढदिवसाला ये म्हणून मैत्रिणीला, म्हणजे किल्लेदार फ्लेव्हियस सेरियालिसच्या बायकोला, आग्रहाचं आमंत्रण देते. पत्र कारकुनाच्या अक्षरात, पण शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. लॅटिनमध्ये स्त्रीने स्वतः लिहिलेलं याहून जुनं काही क्वचितच हाती आलं असेल. दुसऱ्या एका पत्रात घोडदळाचा नायक साहेबांना कळवतो की माझ्या शिपायांची बिअर संपली, तेवढी पाठवायची व्यवस्था करा. हे वाचून जगभरचे वाचक विरघळतात आणि म्हणतात, ही माणसं तर अगदी आपल्यासारखीच होती की! नेमकी हीच प्रतिक्रिया मला अडचणीची वाटते. रोजच्या जगण्याचं पुरातत्त्व हे पराक्रमाच्या इतिहासापेक्षा अधिक खरं, अधिक निष्पाप असतं असं आपण गृहीत धरतो. विंडोलँडाचा पुरावा नीट पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. रोमच्या प्रांतातलं जे ‘रोजचं जगणं’ आपल्यापर्यंत पोचलं आहे ते मुख्यतः त्या प्रांतावर बसवलेल्या फौजेचं आहे, आणि ते इतकं गोड आहे की फौज तिथे कशासाठी होती हेच विसरायला होतं.

या शास्त्राने काय दिलं ते आधी मान्य करायला हवं, कारण ते थोडंथोडकं नाही. रोमन सैन्याचं चित्र पूर्वी शिलालेख, विजयस्तंभ आणि इतिहासकारांचे ग्रंथ यांतून उभं राहायचं. शिपाई म्हणजे रांगेत उभं केलेलं चिलखत. विंडोलँडाच्या एका फळीवर टुंग्रियन तुकडीची 18 मे या दिवसाची हजेरी आहे. पटावर 752 माणसं. त्यांतली 456 बाहेरगावी, त्यातही 337 एकट्या कोरिया या शेजारच्या ठाण्यावर. हजर उरली 296. त्यांत 15 आजारी, 6 जखमी आणि 10 जणांचे डोळे आलेले. कामाला उभे राहू शकतील असे फक्त 265. ज्या सैन्याची शिस्त आपण पुस्तकांत वाचतो, त्याच्या एका ठाण्यावर त्या दिवशी पटाच्या निम्मी माणसंसुद्धा नव्हती, आणि जखमी झालेल्यांपेक्षा डोळे आलेले जास्त होते! कोणत्याही विजयस्तंभावर ही माहिती कोरलेली सापडणार नाही. चपला-बुटांचंही तसंच. विंडोलँडात पाच हजारांच्या आसपास पादत्राणं निघाली आहेत. रोमन शिपायाला दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत कायद्याने लग्न करता येत नव्हतं, म्हणून किल्ल्याच्या तटाच्या आत बायका-मुलं नसणार असं इतिहासकार धरून चालत. मग किल्ल्याच्या आतल्या थरांत बायकांच्या मापाच्या चपला आणि लहान मुलांचे बूट निघू लागले. कायदा काय म्हणतो आणि माणसं कशी राहतात यांतलं अंतर एवढ्या ठसठशीतपणे दाखवणारा पुरावा लेखी साधनांत मिळणं कठीण. तेव्हा उकिरडा उकरणाऱ्यांनी इतिहासावर उपकार केले आहेत, यात वाद नाही.

वाद आहे तो उकिरड्याच्या मालकीचा. या वस्तू टिकल्या कशा, हे पाहिलं की मालकी आपोआप कळते. सुरुवातीचे किल्ले लाकडाचे होते. तुकडी बदलली की जुना किल्ला पाडायचा, त्याच्यावर माती आणि गवताची ढेपळं पसरायची आणि वर नवा उभारायचा, अशी पद्धत होती. त्यामुळे खालचा कचरा ओल्या मातीत बंद झाला, त्याला प्राणवायू मिळेना, आणि लाकूड, चामडं, कापड यांना कुजवणारे जंतू तिथे जगले नाहीत. सेरियालिसच्या बटाव्हियन तुकडीला 105 च्या सुमारास डॅन्यूब नदीकडे हलवलं गेलं, तेव्हा निघताना दप्तरातले नको असलेले कागद, म्हणजे फळ्या, शेकोटीत टाकण्यात आल्या. त्या पुरत्या जळल्या नाहीत म्हणून आज वाचता येतात. सरकारी बदलीच्या आदेशामुळे आणि ओल्या मातीमुळे आपल्याला हा खजिना मिळाला. याचा दुसरा अर्थ असा की जिथे फौजेचा मुक्काम नव्हता, जिथे मातीचे थर चढवायला शेकडो हात नव्हते, जिथे कोणी दप्तर ठेवत नव्हतं, तिथलं जगणं टिकलंच नाही. आसपासच्या डोंगरउतारांवर ब्रिटन लोकांच्या वाड्या होत्या: गोल घरं, कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर. त्यांच्या घरातही चामड्याचे जोडे असणार, लाकडी भांडी असणार, मुलांची खेळणी असणार. आज उरलं आहे ते जमिनीत गेलेल्या खांबांच्या खड्ड्यांचं वर्तुळ आणि पाणी वाहून जायला खणलेला चर.

पत्रांतही ही माणसं जवळजवळ नाहीत, आणि असतात तेव्हा कशी असतात ते पाहण्यासारखं आहे. एका टिपणात त्यांच्या लढण्याच्या पद्धतीची माहिती आहे आणि तीत त्यांचा उल्लेख सरळ हेटाळणीचा आहे. त्याहून बोलका एक अर्ज आहे. तो करणारा बहुधा व्यापारी. त्याला कोणा अधिकाऱ्याने रक्त येईपर्यंत छड्यांनी मारलं, आणि तो दाद मागतो आहे. अर्जातली भाषा पाहता तो सम्राटासाठीच लिहिला असावा असं अभ्यासकांना वाटतं. त्याची तक्रार काय? मी समुद्रापलीकडून आलेला, निरपराध माणूस, आणि मला गुन्हेगारासारखं मारावं? मारहाण होते याचं त्याला आश्चर्य नाही; बाहेरून आलेल्या माणसाला झाली, याचा त्याला धक्का बसला आहे. इथल्या माणसाला मारलं असतं तर काय, या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात न लिहिताही आहे. हा अर्ज गव्हाच्या वाटपाच्या हिशेबाच्या पाठीमागे लिहिलेला आहे हेही लक्षात ठेवावं, कारण गव्हाचा मुद्दा पुढे येतोच. ऑक्टेव्हियस नावाचा एक मक्तेदार कळवतो की त्याने धान्याची पाच हजार मापं घेतली आहेत, उरलेले पैसे लवकर पाठवा, नाहीतर दिलेली सुमारे तीनशे देनारियसची विसार रक्कम बुडेल. आणि कॅटरिकला पडून असलेली कातडी आणायची होती, पण रस्ते वाईट आहेत. या पत्राचं कौतुक नेहमी शेवटच्या तक्रारीसाठी होतं. रस्त्यांबद्दलची तक्रार कोणालाही जवळची वाटते. मला प्रश्न पडतो तो धान्याचा आणि कातड्यांचा. ब्रिटनमध्ये रोमने चाळीस-पन्नास हजारांची फौज ठेवली होती. तिचा दाणागोटा, तंबूंचं आणि बुटांचं चामडं, लोकर, सरपण यांतलं बरंचसं त्याच मुलखातून येत होतं. रोमन इतिहासकार टॅसिटसने, जो ब्रिटनचा सुभेदार ॲग्रिकोलाचा जावई होता, एक पद्धत नोंदवून ठेवली आहे: लोकांना सरकारी कोठारांच्या बंद दारांशी ताटकळत बसवायचं, धान्य चढ्या भावाने विकत घ्यायला लावायचं, आणि जवळची छावणी सोडून मुद्दाम लांबच्या छावणीत पोचवायचा हुकूम द्यायचा, म्हणजे सुटका हवी असेल तर लाच देणं आलंच. सासऱ्याने हे बंद केलं असं सांगण्यासाठी त्याने ते लिहिलं. पद्धत होती, हे मात्र त्यातून कायमचं नोंदलं गेलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की विंडोलँडातले शिपाई तरी कुठे रोमन होते? टुंग्रियन आजच्या बेल्जियमकडचे, बटाव्हियन ऱ्हाइनच्या मुखाजवळचे. बटाव्हियन लोकांनी तर 69-70 मध्ये रोमविरुद्ध मोठं बंड केलं होतं, आणि त्याला जेमतेम एक पिढी उलटली होती. जिंकलेल्यांनीच जिंकलेल्यांवर पहारा ठेवायचा हा प्रकार, तर मग जेते कोण आणि जित कोण? शिवाय साउथ शील्ड्समधल्या एका थडग्याचं उदाहरण दिलं जातं: सीरियातल्या पाल्मीरा शहरचा बाराटीस आणि त्याची ब्रिटिश बायको रेजिना. लॅटिन लेखाखाली त्याने आपल्या मातृभाषेत एक ओळ कोरवून घेतली आहे. साम्राज्याने माणसं अशी मिसळली, मग दोन बाजू करायच्याच कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि तो ‘रोमन विरुद्ध ब्रिटन’ अशी भाबडी मांडणी मोडून काढतो. पण बटाव्हियन शिपायाला पगार मिळत होता, नोकरीतून सुटताना नागरिकत्वाची आशा होती, आणि त्याचं पोट ज्या धान्यावर भरत होतं ते तो पिकवत नव्हता. तो कोणत्या वंशाचा, यावर हे काही अवलंबून नाही. आणि रेजिनाच्या त्याच लेखात एक शब्द आहे जो प्रेमकथा सांगणारे भरभर ओलांडून जातात: ती बाराटीसची मुक्त केलेली दासी होती. आधी मालकी, मग मुक्ती, मग लग्न. त्याला तिच्याबद्दल माया नव्हती असं मी म्हणणार नाही. थडग्यावरचा खर्चच ती सांगतो. मात्र ‘मिसळण्या’च्या उदाहरणाची सुरुवात एका विक्रीपासून होते, हे सांगितल्याशिवाय ते उदाहरण पुरं होत नाही. अशी विक्री कशी होई याचा कागदही लंडनमध्ये सापडला आहे. फॉर्च्युनाटा नावाची, गॉलमधली एक मुलगी किंवा बाई 600 देनारियसला विकली गेली. ती धडधाकट आहे आणि पळून जाणारी नाही, अशी हमी त्यात दिलेली आहे. त्या काळी लीजनच्या शिपायाला वर्षाला 225 ते 300 देनारियस मिळत. आणि विकत घेणारा स्वतः गुलाम होता, सम्राटाच्या गुलामाचा गुलाम. रोजचं जगणं हेसुद्धा होतं, फक्त त्याच्यावर मोज्यांच्या पत्राइतके लेख येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे. रोमने काय दिलं ते बघा: रस्ते, हमामखाने, वाइन, चकचकीत तांबडी भांडी, दूरदेशीचे मसाले. विंडोलँडाच्या एका हिशेबात शिपायाच्या खात्यावर दोन देनारियसची मिरी लावलेली आहे. ती मलबारच्या किनाऱ्यावर वेलीवर वाढली, अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून इजिप्तच्या बेरेनिके बंदरात आली, आणि तिथून साम्राज्याच्या पार वायव्य टोकाला एका थंड, ओल्या किल्ल्यात पोचली. चित्र थक्क करणारं आहे. पण माल पोचायला मुलूख जिंकावाच लागतो का, याचं उत्तर ब्रिटनच्याच मातीत आहे. रोमन सैन्य ब्रिटन जिंकायला इसवी सन 43 मध्ये उतरलं. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, दक्षिण किनाऱ्यावरच्या हेंगिस्टबरी हेडला इटलीच्या वाइनचे रांजण उतरत होते. दुसरा पुरावा आपल्याकडचा आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1940 च्या दशकात सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंत समुद्रदेव पॉसायडनची छोटी मूर्ती आहे, भूमध्य समुद्राच्या बाजूची कारागिरी. सातवाहनांच्या राज्यात रोमची एकही पलटण कधी आली नाही. कोणाचं शेत गेलं नाही, धान्याची जबरदस्तीने वसुली झाली नाही, आणि तरीही मूर्ती पंचगंगेच्या काठी पोचली. व्यापाराचं पुण्य फौजेच्या खात्यावर जमा करण्याची सवय रोमच्या अभ्यासकांना जुनी आहे. ब्रह्मपुरीचा पॉसायडन ती खोडून काढायला पुरेसा आहे. (आपल्याकडे मात्र त्याचं कौतुक ‘रोमशी संबंध’ एवढ्यावरच थांबतं.)

याचा अर्थ रोम येण्याआधी ब्रिटनमध्ये रामराज्य होतं असा घेऊ नये. अँगलसी बेटावरच्या लिन केरिग बाख या तळ्यात लोहयुगातली माणसांच्या गळ्यात अडकवायची साखळी सापडली आहे. गुलाम ही ब्रिटनची निर्यात होती, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो. सरदार होते, लढाया होत्या, उपासमार होती. प्रश्न तुलनेचा आहे, आणि तिथे हाडं उपयोगी पडतात. दक्षिणेकडच्या डॉर्सेट भागातल्या लोहयुगीन आणि रोमन काळातल्या सांगाड्यांची तुलना झाली, तेव्हा रोमन काळात मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. एका प्रदेशावरून सगळ्या प्रांताचा निकाल लावता येणार नाही. तरी हमामखान्यांच्या यादीशेजारी ही नोंद असायलाच हवी. बाथच्या गरम झऱ्यात सापडलेल्या शिशाच्या पत्र्यांचा दाखलाही याच संदर्भात दिला जातो. सुमारे 130 पत्रे. सुलिस मिनर्व्हा देवीला घातलेली गाऱ्हाणी. डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीचा झगा चोरीला गेला, तर तो देवीला सांगतो की चोर बाई असो वा बुवा, गुलाम असो वा स्वतंत्र, झगा देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, मूल होऊ देऊ नकोस. दुसऱ्या कोणाचे हातमोजे गेले आहेत. इथे स्थानिक वळणाची नावं भरपूर आहेत, तेव्हा हा तरी जितांचा आवाज मानायचा की नाही? मानावा, आणि आनंदाने मानावा. जेत्यांची भाषा आणि कायद्याची वाक्यरचना उचलून ती आपल्या देवीपुढे वापरणारी ही माणसं बिचारी मुळीच नाहीत. फक्त ती देवस्थानाच्या गावात वावरणारी, लिहू शकणारी किंवा लिहून घेऊ शकणारी होती. प्रांतातली बहुसंख्य माणसं खेड्यांत राहत होती आणि त्यांचा झगा चोरीला गेल्याची नोंद कुठेच नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: पुरावाच टिकला नाही तर पुरातत्त्वज्ञांनी करायचं काय? पुरावा अगदीच नाही असं नाही. तो दिसायला देखणा नाही, एवढंच. हेड्रियनच्या भिंतीचं काम 122 मध्ये सुरू झालं, लांबी सुमारे 117 किलोमीटर. भिंतीच्या आणि तिच्यावरच्या किल्ल्यांच्या पायाखाली अनेक ठिकाणी नांगराच्या फाळाचे चरे मिळाले आहेत. म्हणजे ती ओसाड माळावरून गेली नव्हती, कोणाच्या तरी कसत्या शेतातून गेली होती. त्याहून महत्त्वाचं काम नॉर्थम्बरलँडच्या किनारपट्टीवर झालं, तेही एखाद्या विद्यापीठाच्या महत्त्वाकांक्षी मोहिमेत नव्हे, तर उघड्या कोळसा खाणी आणि नव्या घरांच्या वसाहती यांच्या आधी कायद्याने कराव्या लागणाऱ्या उत्खननांत. भिंतीच्या उत्तरेला चर खणून कुंपण केलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या नांदत्या मोठ्या वाड्या होत्या. कार्बन कालमापनाने दिसलं ते असं की भिंत उभी राहिली त्या सुमारास किंवा त्यानंतर फार तर पिढीभरात त्या ओस पडल्या. माणसं हाकलली गेली की बाजार, कुरणं आणि नाती तुटल्यामुळे उठून गेली, यावर मतं वेगळी असू शकतात. विंडोलँडात डोळे आलेल्या दहा शिपायांची नोंद मिळते. या वाड्यांतली माणसं कुठे गेली त्याची नोंद कोणी केली नाही.

म्हणून माझा आग्रह फळ्या कमी वाचण्याचा नाही, त्यांच्या शेजारी काय ठेवायचं याबद्दलचा आहे. विंडोलँडाची पत्रं ब्रिटिश म्युझियममध्ये मानाने मांडलेली असतात आणि 2024 मध्ये तिथे रोमन सैन्यातल्या जीवनावर मोठं प्रदर्शनही झालं. अशा ठिकाणी वाढदिवसाच्या आमंत्रणाशेजारी नांगराच्या चऱ्यांचं एक छायाचित्र, ऑक्टेव्हियसच्या पत्राशेजारी टॅसिटसची बंद कोठारं, मिरीच्या हिशेबाशेजारी फॉर्च्युनाटाची किंमत ठेवायला जागा किती लागते? पैशांचा प्रश्न अधिक अवघड आहे. हवामान बदलतं आहे, उत्तर इंग्लंडमधली दलदलीची जमीन सुकते आहे, आणि विंडोलँडापासून जवळच्याच मॅग्ना किल्ल्यात जमिनीखालचं चामडं आणि लाकूड सडून जाण्याआधी बाहेर काढण्याची धडपड चालू आहे. ती व्हायलाच हवी. किल्ल्यातून पत्र किंवा बूट निघाला की बातमी होते, देणग्या येतात, पर्यटक येतात. गोल घराच्या चरातून निघतं मूठभर जळकं धान्य आणि खापरीचा तुकडा. त्याचा अहवाल बांधकाम कंपनीच्या खर्चाने तयार होतो आणि कपाटात जातो. रोमन प्रांताच्या रोजच्या जगण्याबद्दल पुढच्या वीस वर्षांत काही नवं कळायचं असेल, तर ते अशा कपाटांतल्या अहवालांतून, गुरांच्या दातांवरून ती कुठे चरली हे शोधणाऱ्या तपासण्यांतून आणि जळक्या धान्यातल्या तणांच्या बियांवरून शेत कसं कसलं हे ताडण्यातून कळेल. निधी वाटणाऱ्यांनी निदान काही हिस्सा त्यासाठी बाजूला काढावा.